इ. स. १५३६ मधील लूथरच्या घरचा नाताळ : एका चित्राची परीक्षा

(१) विटेनबर्ग येथील एका दालनांत मेजावर फर जातीचा एक लहान सूचिपर्ण वृक्ष उभा केलेला आहे. त्याच्या फांद्यांवर मेणबत्त्या तेवत आहेत आणि त्याभोंवतीं धर्मसुधारक मार्टिन लूथर, त्याची पत्नी काटारीना व त्यांचीं मुलें आनंदांत आहेत. असें एक चित्र वायमार येथील कार्ल आउगुस्ट श्वेर्डगेबुर्ट (१७८५–१८७८) ह्या कलावंतानें पत्र्यावर कोरून इ. स. १८४० नंतरच्या दशकांत प्रसिद्ध केलें. चित्राच्या नांवांतच नाताळची पूर्वसंध्या व १५३६ हें साल स्पष्ट दिलेलें आहे. चित्र लोकप्रिय झालें. आणि मुलांसाठीं घरांत दीपवृक्ष उभारण्याची चाल लूथरनें सुरू केली, ह्या समजुतीस त्यानें मोठें बळ दिलें. ह्या समजुतीला जोडून एक आख्यायिकाहि सांगतात. हिंवाळ्यांत रात्रीं अरण्यांतून घरीं येतांना फांद्यांआड चमकणारे तारे पाहून लूथरला हर्ष झाला, आणि तोच देखावा मुलांस दाखविण्याकरितां त्यानें एक झाड घरीं आणून त्यावर मेणबत्त्या लावल्या, अशी ती आख्यायिका होय.

प्रस्तुत लेखांत ह्या चित्राची साक्ष तपासावयाची आहे. परदेशांतील एका घरगुती सणाची ही चिकित्सा येथें कशासाठीं, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, बखर व अस्सल कागद ह्यांच्या तारतम्याचा जो प्रश्न कै. राजवाडे ह्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्याच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत मांडला, तोच प्रश्न येथें चित्राच्या रूपानें उभा आहे. शिवाय, घरांतील मुलाबाळांचा इतिहास कोणत्या कागदांत सांपडतो, हेंहि ह्या परीक्षेंतून कळण्याजोगें आहे.

(२) प्रथम नांव व काळ ह्यांचा विचार करूं. आपल्या भाषेंतील 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्याचें मूळ लॅटिन 'नातालिस्' म्हणजे जन्मासंबंधींचा, हें होय. आणि त्यांतील धातु आपल्या 'जन्' धातूचा सगोत्र आहे. जर्मन भाषेंत ह्या सणास 'वाइनाख्टेन' म्हणजे 'पवित्र रात्री' असें म्हणतात. शब्द ज्या वाटेनें येतो तिचा ठसा त्यावर राहतो. ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओंवींत प्रथम छापली गेली ती फादर टॉमस स्टीफन्स ह्यांच्या 'ख्रिस्तपुराणां'त, गोमंतकांत, १६१६ सालीं. म्हणजे चित्रांत दिलेल्या सालानंतर ऐंशीं वर्षांनीं.

२४ डिसेंबर १५३६ ही तारीख जुन्या, म्हणजे जूलियन, गणनेची आहे. पोप ग्रेगरीची सुधारित गणना १५८२ सालीं सुरू झाली. त्या गणनेनें हा दिवस ३ जानेवारी १५३७ होतो. शक मात्र दोहों रीतींनीं १४५८ च येतो.

(३) आतां त्या घराविषयीं अस्सल साधनें काय सांगतात तें पाहूं. लूथर व काटारीना फॉन बोरा ह्यांचा विवाह १३ जून १५२५ रोजीं झाला. वर पूर्वाश्रमींचा संन्यासी व वधू मठ सोडून आलेली संन्यासिनी. त्यांचें बिऱ्हाड विटेनबर्ग येथील ऑगस्टीनियन पंथाच्या जुन्या मठांत होतें. तीच वास्तु १५३२ सालीं राजानें लेख करून लूथरला दिली. घरांत पाहुणे, आश्रित व पैसे देऊन राहणारे विद्यार्थी ह्यांची सदा वर्दळ असे. शेतीभाती, गुरेंढोरें, मद्य गाळणें व एवढ्या पंक्तीचें जेवण, हा सर्व व्याप काटारीना सांभाळी.

ह्या दांपत्यास सहा अपत्यें झालीं. पैकीं एलिझाबेथ ही १५२८ सालीं आठ महिन्यांची होण्यापूर्वींच वारली. १५३६ च्या नाताळांत पांच मुलें हयात होतीं. त्यांचीं वयें जन्मतिथींवरून अशीं येतात: योहान्नेस ऊर्फ हान्स साडेदहा वर्षांचा, माग्दालेना साडेसात वर्षांची, मार्टिन पांच वर्षांचा, पाउल चार वर्षांस महिना-सव्वा महिना उणा, आणि मार्गारेटे दोन वर्षें पुरीं होऊन एक आठवडा झालेली. म्हणजे चित्रकारानें साल निवडलें तें विचारपूर्वक निवडलें. सर्व मुलें लहान व सर्व जिवंत असा तो काळ होता. पुढें सहा वर्षांच्या आंत, २० सप्टेंबर १५४२ रोजीं, माग्दालेना तेराव्या वर्षीं वारली. तिच्या अंतकाळीं बाप जवळ होता, आणि त्याच्या शोकाचे उद्गार शिष्यांनीं टिपून ठेवले आहेत.

लूथर मुलांशीं कसा बोले, ह्याचा उत्तम पुरावा म्हणजे १९ जून १५३० चें त्याचें पत्र. आउग्सबुर्ग येथें धर्मपरिषद भरली असतां तो कोबुर्गच्या किल्ल्यांत राहत होता. तेथून त्यानें नुक्त्याच चार वर्षें पुऱ्या झालेल्या हान्सला हें पत्र लिहिलें. आपण एक सुंदर बाग पाहिली; तींत मुलें सोनेरी डगले घालून झाडांखालीं सफरचंदें, नासपाती, चेरी व आलुबुखार वेंचतात, गातात, बागडतात; त्यांच्यापाशीं सोन्याचे लगाम व रुप्याचीं खोगिरें असलेलीं लहान घोडीं आहेत; तूं नीट शिकलास व प्रार्थना केलीस तर तुलाहि तेथें येतां येईल, आणि आपल्या सोबत्यांसहि आणतां येईल, असा त्याचा आशय आहे. ज्याच्या लेखणीनें त्या काळचें धर्मपीठ हादरविलें तीच लेखणी येथें चार वर्षांच्या मुलाच्या पायरीवर उतरली आहे.

दुसरें साधन एका गीताचें आहे. १५३५ सालीं विटेनबर्ग येथें योसेफ क्लूग ह्याच्या छापखान्यांत निघालेल्या गीतसंग्रहांत लूथरचें ख्रिस्तजन्मावरील पंधरा कडव्यांचें गीत आहे. त्यास 'मुलांचें गीत' असेंच म्हटलेलें आहे. त्याची रचना संवादासारखी आहे. आरंभीं देवदूत जन्माची वार्ता सांगतो व पुढें गाणारी मुलें जणूं गोठ्यांतील बाळापाशीं जाऊन त्यास उत्तर देतात. प्रथम तें एका लौकिक गाण्याच्या चालीवर म्हणत. आज प्रचारांत असलेली चाल १५३९ सालीं छापलेली मिळते. असें गीत ज्यानें रचलें त्याच्या घरांत पुढल्याच वर्षीं नाताळांत मुलांनीं तें म्हटलें असेल, हें अनुमान निर्बल नाहीं. पण तें अनुमान आहे, प्रत्यक्ष नव्हे, हें ध्यानांत ठेवावें.

(४) ह्या सर्वांत वृक्ष कोठें आहे? कोठेंच नाहीं. लूथरच्या ग्रंथांची, पत्रांची व संभाषणांची जी वायमार आवृत्ति १८८३ सालीं सुरू झाली तिचे शंभरांवर खंड झाले आहेत. सुमारें अडीच हजार पत्रें उपलब्ध आहेत. त्यांत दीपवृक्षाचा उल्लेख आढळलेला नाहीं.

परंतु उल्लेख नाहीं म्हणून वस्तु नव्हती, असें म्हणतां येतें काय? आपल्या शास्त्रकारांनीं ह्या प्रश्नाचा सूक्ष्म विचार केलेला आहे. कुमारिलभट्टाच्या परंपरेंतील मीमांसक व अद्वैत वेदान्ती अनुपलब्धि हें स्वतंत्र प्रमाण मानतात. नैयायिक तसें मानीत नाहींत. तथापि एका अटीविषयीं उभयतांचें एकमत आहे. ती अट योग्यतेची. जमिनीवर घट असता तर तो खात्रीनें दिसला असता, अशी परिस्थिति असेल तरच त्याचें न दिसणें हा त्याच्या अभावाचा पुरावा. अंधारांत घट दिसला नाहीं, एवढ्यावरून घट नाहीं असें ठरत नाहीं. इतिहासांतील मौनासहि हाच नियम लावला पाहिजे.

लूथरच्या घराविषयीं अंधार नाहीं. त्या घराइतकें उजेडांत असलेलें घर त्या शतकांत विरळा. त्याच्या पंक्तीस बसणारे फाइट डीट्रिख, आंटोन लाउटरबाख प्रभृति शिष्य जेवतांना निघालेलें संभाषण टिपून घेत. मूल, कुत्रा, बाग, आजार, बायकोचा हिशेबीपणा, कशाचीहि त्यांत वाण नाहीं. ह्या टिपणांस विषयवार लावून योहान्नेस ऑरिफाबर ह्यानें १५६६ सालीं आइसलेबेन येथें छापलें. त्याचा संपादकीय हात कित्येक ठिकाणीं उघड दिसतो, आणि म्हणून चिकित्सक अभ्यासक मूळ टिपणांकडे जातात. पण ज्या संपादकानें मिळेल तें भरून घेतलें त्याच्याहि संग्रहांत हा वृक्ष आलेला नाहीं. मुलांपुढें दरसाल उजळणारा दीपवृक्ष एवढ्या डोळ्यांतून निसटावा, हें संभवत नाहीं. ही अनुपलब्धि योग्य आहे.

(५) केवळ मौनावर निकाल देण्याचें मात्र कारण नाहीं, कारण त्या वृक्षाचे उल्लेख अन्यत्र मिळतात. ते कालानुक्रमें लावले असतां वस्तु आपोआप उलगडते.

अल्सास प्रांतांतील श्लेट्श्टाट (आजचें सेलेस्टा) ह्या नगराच्या जमाखर्चांत १५२१ सालीं एक खर्ची पडली आहे. संत टॉमसच्या दिवसापासून, म्हणजे २१ डिसेंबरपासून, नाताळाचीं झाडें राखण्याबद्दल अरण्यरक्षकांस चार शिलिंग दिले, असा तिचा अर्थ आहे. एवढ्या कोरड्या ओळींतून बरेंच निघतें. लोक नाताळाकरितां झाडें तोडीत होते, त्यांचा उपद्रव इतका होता कीं पहारा लागला, आणि त्या पहाऱ्यास पैसा लागला. मात्र झाडें घरांत कोठें ठेवीत व मुलांचा त्यांच्याशीं संबंध काय, ह्यावर ती ओळ गप्प आहे. तिच्याकडून तिला ठाऊक आहे त्याहून अधिक वदवूं नये.

ब्रेमेन येथील कारागिरांच्या संघाच्या बखरींत १५७० सालची नोंद आहे. सफरचंदें, अक्रोड वगैरे, खजूर, भाजलेल्या कणकेच्या गांठी व कागदी फुलें लावलेलें एक लहान झाड संघाच्या वाड्यांत उभारीत, आणि नाताळच्या दिवशीं सभासदांचीं मुलें त्यावरील खाऊ काढून घेत. येथें मुलें प्रथम स्पष्ट दिसतात. पण स्थळ अजून संघाचा वाडा आहे, घर नव्हे.

१६०५ सालीं स्ट्रासबुर्ग येथील चालीरीतींचें एका अनामिक प्रवाशानें जें टिपण केलें त्यांत झाड घरांत आलेलें आहे. लोक बैठकीच्या खोल्यांतून फर वृक्ष उभारतात व त्यांवर रंगीत कागदाचीं गुलाबपुष्पें, सफरचंदें, पातळ पापड्या, सोनेरी वर्ख व साखर टांगतात, असें तो सांगतो. मेणबत्त्यांचें नांव त्यांत नाहीं.

त्याच नगरांत पुढें योहान कोनराड डान्नहाउअर हा अध्यापक व प्रवचनकार झाला. तो लूथरपंथीच होता. १६४० नंतरच्या दशकांत प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवचनांत तो ह्या चालीवर टीका करतो. घरांत झाड आणून त्यावर बाहुल्या व साखर लटकवितात आणि मग तें हलवून रिकामें करतात. ही चाल कोठून आली हें आपणांस ठाऊक नाहीं, हा पोरखेळ आहे, असें त्याचें म्हणणें. प्रस्तुत वादांत ही साक्ष मला निर्णायक वाटते. लूथरच्या पंथांतील पंडित, लूथरच्या मरणानंतर शंभर वर्षांच्या आंतबाहेर, ह्या चालीचा उगम माहीत नाहीं असें म्हणतो व तिची निंदा करतो. पंथाच्या आचार्यानें स्वतःच्या मुलांसाठीं ती घातली असती, तर त्यास हें माहीत नसणें व माहीत असून निंदा करणें हीं दोन्हीं असंभाव्य होतीं.

मग मेणबत्त्या केव्हां आल्या? त्याबद्दलचा एक सुंदर कागद म्हणजे राजकन्या एलिझाबेथ शार्लोटे हिचें डिसेंबर १७०८ चें पत्र होय. ही फ्रान्सचा राजा चौदावा लुई ह्याच्या भावास दिलेली होती. वयाच्या छपन्नाव्या वर्षीं आपल्या मुलीस लिहितांना तिला हानोव्हर येथें आत्याच्या व तिच्या यजमानांच्या घरीं घालविलेले बाळपणाचे दिवस आठवतात. मेजें वेदीसारखीं सजवीत. प्रत्येक मुलासाठीं नवे कपडे, रुप्याच्या वस्तु, बाहुल्या, साखरेचे पदार्थ मांडीत. मेजांवर बॉक्स नांवाचीं सदाहरित झुडपें ठेवून त्यांच्या प्रत्येक फांदीस एक एक लहान मेणबत्ती लावीत, असें ती सांगते. ती हानोव्हरांत १६५९ ते १६६३ पर्यंत होती. तेव्हां हा देखावा १६६० च्या सुमाराचा.

ह्यावर शंका अशी कीं, ही अठ्ठेचाळीस वर्षांनंतरची स्मृति आहे, आणि न्यायशास्त्र स्मृतीला अनुभवापासून वेगळें काढतें. खरें आहे, पण तेंच शास्त्र यथार्थ अनुभवापासून झालेली स्मृति यथार्थ असेंहि सांगतें. पत्र लिहिणारीस कांहीं सिद्ध करावयाचें नव्हतें. पंथाचा अभिमान, वंशाचा मोठेपणा, कोणाची स्तुति, ह्यांपैकीं एकहि हेतु त्यांत नाहीं. परदेशीं राजवाड्यांत राहणाऱ्या एका प्रौढ स्त्रीला माहेरचा सण आठवला, एवढेंच. शिवाय झाडाचें नांव पाहावें. सर्वांस माहीत असलेला फर वृक्ष न सांगतां ती बॉक्सचें झुडूप सांगते. असा बारीक व निरुपयोगी तपशील रचणारा मनुष्य घालीत नाहीं.

१७७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या गेटेच्या 'वेर्टर' कादंबरींत मेणबत्त्या, मिठाई व सफरचंदें लावलेल्या झाडाचा उल्लेख सहज, जातां जातां येतो. अर्थात् तोंवर तें वाचकांस ओळखीचें झालें होतें.

(६) आतां चित्राकडे परत वळूं. श्वेर्डगेबुर्ट हा वायमारचाच. गेटेच्या अखेरच्या दिवसांत त्याचें चित्र काढणारा कलावंत तो हाच. त्याच्या काळीं सुखवस्तु जर्मन घरांत दीपवृक्ष स्थिरावला होता. १८१७ सालीं धर्मसुधारणेची त्रिशताब्दी झाली होती व १८४६ मध्यें लूथरच्या मृत्यूची यावयाची होती. राष्ट्राचा महापुरुष आपल्यासारखाच घरांत मुलांबरोबर सण करीत होता, असें पाहण्याची लोकांस गरज होती. चित्रकारानें ती पुरविली. तेव्हां हें चित्र साक्षीदार आहे खरें, पण १५३६ चें नव्हे. तें १८४० नंतरच्या जर्मन घराचें साक्षीदार आहे. त्या दृष्टीनें तें मोलाचें आहे, टाकाऊ नाहीं. उत्तरकालीन बखर ज्या पिढींत लिहिली गेली त्या पिढीच्या समजुती जाणण्यास जशी उपयोगी, तसेंच हें.

त्याच दशकांतील इंग्लंडचें एक उदाहरण ह्याशीं ताडून पाहण्यासारखें आहे. डिसेंबर १८४८ मध्यें 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' ह्या पत्रानें विंडसर येथें राणी व्हिक्टोरिया, तिचा पति आल्बर्ट व मुलें दीपवृक्षाभोंवतीं उभीं असल्याचें चित्र छापलें. दोनच वर्षांनीं, डिसेंबर १८५० मध्यें, अमेरिकेंतील 'गोडीज लेडीज बुक' ह्या मासिकानें तेंच चित्र पुनः काढलें. मात्र राणीच्या मस्तकावरील अलंकार व आल्बर्टच्या मिशा पुसून टाकल्या. तेवढ्यानें इंग्लंडचें राजकुटुंब अमेरिकेंतील एक साधें गृहस्थाचें कुटुंब झालें! दोन्हीं प्रती शेजारीं ठेवणारासच ही फिरवाफिरव दिसते. पाठभेद जुळविणाऱ्या संग्राहकांस हें सांगावयास नको.

ही चाल आल्बर्टनें इंग्लंडांत आणली असेंहि सर्रास म्हणतात. परंतु व्हिक्टोरियाच्या रोजनिशींत २४ डिसेंबर १८३२ रोजीं, म्हणजे विवाहापूर्वीं सात वर्षें, दिवे व साखरेचे अलंकार लावलेलीं झाडें दोन मोठ्या वाटोळ्या मेजांवर ठेवून भोंवतीं भेटी मांडल्याचें लिहिलेलें आहे. तेव्हां ती तेरा वर्षांची होती. एका मुलीच्या वहींतील ही एक नोंद प्रचलित समजुतीचा निकाल लावते. पुढें राणीच्या मृत्यूनंतर तिची कन्या बिआट्रिस हिनें आईच्या आज्ञेवरून रोजनिशीचे निवडक उतारे करून घेतले व त्या त्या भागाच्या मूळ वह्या नष्ट केल्या. घरांतील खासगी गोष्टींत जगास काय गोडी, ही समजूत किती साधनें गिळते, त्याचें हें उदाहरण राजघराण्यांतील आहे. सामान्य घरांत काय होत असेल तें वाचकांनींच ताडावें.

(७) एकंदर निष्कर्ष असे. १५३६ च्या नाताळांत लूथरच्या घरीं पांच लहान मुलें होतीं, हें निश्चित. त्यांच्या बापानें मुलांसाठीं रचलेलें नाताळचें गीत आदल्याच वर्षीं छापून झालें होतें, हेंहि निश्चित. तें त्या घरीं गाइलें गेलें असावें, हें सबळ अनुमान. दीपवृक्ष होता, हें निराधार. घरांत वृक्ष १६०५ पर्यंत स्ट्रासबुर्गांत, झुडपावर मेणबत्त्या १६६० च्या सुमारास हानोव्हरांत, असा क्रम लागतो.

वृक्ष गेला म्हणून त्या घराचें कांहीं गेलें असें वाटत नाहीं. हान्सला लिहिलेलें पत्र व माग्दालेनेच्या मरणाची टिपणें वाचणारास त्या घराची जी ओळख होते ती चित्रांतील शंभर मेणबत्त्यांनीं झाली नसती. शाळेंत शिकवितांना माझा अनुभव असा कीं, धड्यांतील मजकूर मुलें विसरतात, चित्र विसरत नाहींत. म्हणून कल्पित चित्राखालीं तें केव्हांचें व कोणीं काढलें हें छापण्याचा परिपाठ आपल्याकडेहि पडला पाहिजे.

ह्या शोधांत उपयोगी पडलेले कागद कोणते, तेंहि ध्यानांत आणावें. नगराच्या जमाखर्चांतील चार शिलिंगांची ओळ, संघाच्या वाड्यांतील खाऊची नोंद, आईनें मुलीस लिहिलेलें पत्र, तेरा वर्षांच्या मुलीची रोजनिशी. तह, सनदा, फौजेची रवानगी ह्यांपैकीं एकहि नाहीं. आपल्याकडे जुने रुमाल सोडतांना राजकारणाचीं पत्रें बाजूस काढतात, आणि घरखर्चाचीं टांचणें, बारशाचे व मुंजीचे हिशेब, दिवाळीस मुलांच्या टोप्या-अंगरख्यांस पडलेली खर्ची, सासरीं गेलेल्या लेकीचीं पत्रें हीं निरुपयोगी म्हणून पुनः बांधून ठेवतात किंवा टाकून देतात. माझी संग्राहकांस विनंति अशी कीं, पुढील रुमाल सोडाल तेव्हां असे मोडी बंद वेगळे काढून त्यांवर गांव, घराणें व शक लिहून ठेवावा, आणि सणावारीं मुलांच्या नांवें पडलेल्या खर्चाच्या नकला ह्या त्रैमासिकाकडे पाठवाव्या. एका ओळीची नोंदहि चालेल. श्लेट्श्टाटची एकाच ओळीची होती.